चौथं पान

आमच्या वाहिनीच्या प्रेक्षक विभागात दोनच टेबलं आहेत. एकावर मी फोन घेतो, दुसऱ्यावर ताई पत्रं वाचतात. त्या मुळात कुणाच्या ताई, हे आता कुणालाच आठवत नाही. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणतात. बावीस वर्षं लोकांची मतं वाचून त्यांना टीव्हीचा असा वीट आलाय, की घरी त्या तो लावूच देत नाहीत. त्यांचे यजमान एकदा मला म्हणाले, "आमच्याकडे टीव्ही आहे, पण फुलदाणी ठेवायला."

कामाची पद्धत अशी: एका पत्राची एक ओळ. कार्यक्रम कोणता, माणूस खूश की नाराज, आणि का. गुरुवारी बाराच्या आत या ओळींचा अहवाल साहेबांच्या टेबलावर हवा. यात ताईंचा हात धरणारा कुणी नाही. कुणाची नऊ पानांची आदळआपट असली तरी ती त्या सहा शब्दांत बसवतात, आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे.

त्या महिन्यात मात्र आमची पार दैना उडाली. एका गाजलेल्या भयकादंबरीवरून आमची मालिका सुरू झाली आणि लोक हात धुऊन मागे लागले. पुस्तकात विहीर होती, इथे लिफ्ट का? पुस्तकातल्या भुताला चेहरा नव्हता, मग हा पावडर थापलेला इसम कोण? तिसऱ्या भागात भुताचा टोप सरकलाय, नीट बघा! एका गृहस्थांनी तर भुताच्या नखांवर अडीच पानं खर्ची घातली होती. "आपलं मत आमच्यापर्यंत पोचलं" असं म्हणून म्हणून माझा घसा बसला.

त्याच सुमारास आम्ही एक माहितीपट दाखवला होता. तीस वर्षांपूर्वी नदीवरचा एक पूल बांधता बांधताच कोसळला आणि एकोणीस कामगार गेले, त्याची हकिकत. त्यावर मतं किती आली? सगळी मिळून अकरा. त्यातली चार म्हणत होती की निवेदकाच्या आवाजानं झोप येते, आणि तीन म्हणत होती की संगीत कानठळ्या बसवतं. एकोणीस माणसं मेली त्याचं कुणाला सोयरसुतक नाही, पण भुताचा टोप सरकला तर यांची झोप उडते! माझं डोकं फिरायचं. ताई मान वर न करता म्हणायच्या, "आपण काय न्यायाधीश आहोत? लिही ओळ आणि मोकळा हो."

रविवारी दुपारी तो माहितीपट पुन्हा दाखवला गेला. सोमवारी सकाळी एका वयस्क बाईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"मी पत्र पाठवलं होतं. गेल्या मंगळवारी पोचल्याची पोच आहे माझ्याकडे. तरी काल तुम्ही पुन्हा तेच दाखवलंत."

"काय दाखवलं, आजी?"

"क्रेनवाल्यानं इशारा पाळला नाही म्हणून पूल पडला, असं सांगता आणि फोटो माझ्या नवऱ्याचा लावता. ते क्रेनवर नव्हतेच. ते वेल्डर. वर सुखरूप होते. खाली अडकलेल्यांना काढायला उतरले आणि तिथेच गेले. काल माझी नात विचारत होती, आजोबांनी मारलं का सगळ्यांना?"

त्यांना थांबायला सांगून मी ताईंना हाक मारली. ताईंनी पुलाचा गठ्ठा उपसला. त्यात पत्र नव्हतं. ते निघालं भुताच्या गठ्ठ्यात. दोन कागद, पाठपोट लिहिलेले. वर लाल शाईत ताईंची ओळ होती: 'भयमालिका. नाराज. भुताची भीतीच वाटत नाही.' त्यांनी दुसरा कागद उलटला. चौथं पान 'आता मुद्द्याचं' अशा शब्दांनी सुरू होत होतं.

पत्र घेऊन त्या तडक साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काल होऊन गेलं ना? मग आता काय करणार?" साहेब म्हणाले. "सांगा त्यांना, पत्र वाचून संबंधितांकडे पाठवलंय. म्हणजे आपल्या अंगावर येत नाही."

पेपरवेट उचलून फेकावा असं मला वाटलं. ताई परत आल्या आणि माझा बिनतारी फोन उचलून त्यांनी स्पीकर लावला.

"तुम्ही वाचलं होतंत का हो माझं पत्र?" बाईंनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "नाही. तीन पानं वाचली. चौथं उलटलंच नाही. चूक माझी आहे."



"ती तीन पानं उगीच लिहिली मी," बाई म्हणाल्या. "मालिका मी बघतसुद्धा नाही, शेजारणीला विचारून लिहिलं. अनोळखी माणसांना पत्र लिहायचं, तर एकदम आपलंच गाऱ्हाणं कसं सुरू करायचं? म्हटलं, आधी चार शब्द त्यांच्या कार्यक्रमाबद्दल बोलावेत."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग आता वाचा चौथं," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा. मी फोन धरते."

ताई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मीही पाठोपाठ गेलो.

"अहो ताई, थोडक्यात सांगा ना—"

"थोडक्यात नाही सांगता येणार, साहेब." आणि त्या वाचू लागल्या. नवऱ्याचं पूर्ण नाव, वय, कामावर कधी लागले, त्या दिवशी कोणत्या खांबावर होते. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग पाहिलं नाही.

"जरा हळू," फोनमधून आवाज आला. "ते शेवटचं पुन्हा वाचा."

"'ते खाली उतरले,'" ताईंनी पुन्हा वाचलं, "'तेव्हा त्यांना उतरायला कुणीही सांगितलं नव्हतं.'"