अहो म्हटलं की थांबणारी घोडी

आमच्या घरात निर्णय सुनंदा घेते आणि मला ते वेळेवर कळवते. घोडेस्वारीच्या सहलीचं मात्र कळवायचं राहून गेलं. रविवारी सकाळी भाजीला म्हणून जाणारी बायको दोन तासांनी मेथीची एक जुडी घेऊन परत येई आणि अंगाला घोड्याचा वास असे. चौथ्या रविवारी मी विचारलं. तेव्हा समजलं की गंगापूर रोडवर मंदार नावाच्या मुलाने एका मोकळ्या प्लॉटवर घोडे ठेवलेत, ती तिथे स्वारी शिकते आहे, आणि पुढच्या शनिवारी आम्हा दोघांचं बुकिंग झालेलं आहे.

"दोघांचं का?" मी म्हणालो.

"माझी जी घोडी आहे ना, बिजली, ती तिच्या आईशिवाय पाऊल टाकत नाही. आईवर कोणीतरी बसायला हवं."

सासुरवास ऐकून होतो, घोडीच्या आईचा नव्हता. पण सुनंदाचं माहेर देवळ्याचं. तिच्या काकांकडे घोडा होता आणि तिचे भाऊ कांद्याच्या चाळीपासून थेट शिवारापर्यंत तो दौडवत. हिने मागितला की उत्तर ठरलेलं, "पोरीच्या जातीनं नाही." हे ती मला लग्नापासून सांगत आली आहे, पण मी आजवर ते माहेरच्या इतर तक्रारींच्या ढिगात टाकत होतो. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला एकदा, फक्त एकदा, घोडा चौखूर पळवायचा होता. मंदारच्या सहलीत शेवटी काश्यपी धरणाच्या पाण्याकाठी एक लांबलचक सपाट पट्टा येतो, तिथे ज्यांना जमतं त्यांना तो घोडा सोडू देतो. सगळी धडपड त्या पट्ट्यासाठी होती. मी म्हणजे बिजलीच्या आईच्या पाठीवरचं वजन.

आणखी एक माहिती देतो. माझं नाव त्र्यंबक. वडिलांनी जोडाक्षरांसकट ठेवलं आणि पाठशाळेतल्या गुरुजींनी ते शुद्ध उच्चारायला लावलं. नाशकात या नावाचा एक तोटा आहे. जुन्या सीबीएस स्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी कोणी ना कोणी त्याच नावाच्या गावाला जाणारा जीपवाला "त्र्यंबक, त्र्यंबक, त्र्यंबक" म्हणून ओरडत असतो, आणि आपण वळून पाहिलं तर म्हणतो, "बसा, दोनच सीटा राहिल्यात." सुनंदाने मात्र लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने शिकवलं होतं. तिच्यासाठी मी 'अहो'. घरात, बाजारात, दवाखान्याच्या खिडकीशीसुद्धा. तिथल्या बाईंनी एकदा केसपेपरवर 'श्री. अहो' लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी स्कूटरवरून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, गंगापूर गावापर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, गिरणाऱ्यापर्यंत बरा, आणि त्यापुढे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. आश्विन चालू होता. गिरणाऱ्यात टोमॅटोच्या क्रेटनी रस्ता अडवलेला. त्यातून वाट काढत चौकात मिसळ खाल्ली. मिसळ उत्तम, पण घोड्यावर बसण्यापूर्वी एकच प्लेट खावी, हे मला दुसऱ्या प्लेटनंतर सुचलं. सहलीचे माणशी सातशे रुपये, त्यात दुपारचं जेवण आणि डोक्याला टोप. माझ्या टोपावर आतून कोणीतरी पेनने 'देवा' असं लिहून ठेवलं होतं.

गावाबाहेर आंब्याखाली घोडे उभे होते. मंदार गॉगल लावून, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, सगळ्यांना "काका, काकू, रिलॅक्स" म्हणत हिंडत होता. आमच्याशिवाय एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, मुंबईचं. ती त्याला 'ए' म्हणायची, तो तिला 'ए' म्हणायचा, आणि कोणी कोणाला हाक मारली हे दोघांनाही बरोबर कळायचं. घोड्यांचे खरे मालक रशीदभाई. जुन्या नाशकात त्यांचा टांगा होता. टांग्यांना रिक्षांनी खाल्लं, तेव्हा ते मंदारबरोबर या धंद्यात आले. त्यांनी मला सुलतानासमोर उभं केलं. करड्या रंगाची, पोट सुटलेली, वयस्कर घोडी. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांची परिस्थिती ओळखली.

"साहेब, लगाम वढायचा नाही," रशीदभाई म्हणाले. "चालवायची तर 'चल'. थांबवायची तर नुसतं 'होऽ'. टांग्याची घोडी हाये. माझ्या साडूची होती, गेल्या साली लेकीसकट घेतली. इंजिनासारखी हाये बघा."

दोन माणसं आणि एका स्टुलाच्या मदतीने मी वर पोहोचलो. तिथून जग फार खाली दिसतं.

मंदारने अट सांगितली. जेवणाच्या आत ओढा ओलांडायचा. ओढ्यापलीकडे काठ आणि दौड. उशीर झाला तर ऊन चढतं, घोडे दमतात, मग ओढ्यावरूनच मागे फिरायचं. सुनंदाने हनुवटीखालचा पट्टा आणखी एक भोक घट्ट केला.

दरी सुंदर आहे, यात शंका नको. दोन्ही बाजूंना डोंगर अजून हिरवे, उतारावर सोनकीचा पिवळा शिडकावा, खाली भाताची खाचरं पिकायला आलेली. नागलीची कणसं मुठी आवळून उभी. मी एखादी उपमा शोधत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, पाठ सरळ ठेवा."

सुलताना थांबली. मी तिच्या मानेवर जाऊन आदळलो. मागे बिजली थांबली.

"चल," रशीदभाई म्हणाले. निघालो. शंभर पावलांवर, "अहो, ते बघा मोर." मोर उडाला, घोडी थांबली. पुढे, "अहो, टोप वाकडा झालाय." घोडी थांबली. मुंबईचं जोडपं पुढच्या वळणाआड गेलं.

मग निदानं सुरू झाली. मंदारचं म्हणणं, "काका, तुमची बॉडी लँग्वेज कन्फ्यूज्ड आहे." रशीदभाईंनी चारही खूर उचलून पाहिले, पोटाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला, आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, नाश्त्याला काय खाल्लं?" मीही गप्प बसलो नाही. जुन्या अश्वशास्त्रात घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून त्याचा स्वभाव सांगतात. सुलतानाच्या कपाळावर दोन भोवरे होते. मी त्यावर एक छोटं प्रवचन दिलं. घोडीने शेपटी उचलली आणि त्यावर आपलं मत रस्त्यात टाकलं.

त्यातच वाटेच्या कडेला पिशवी घेऊन एक आजोबा उभे होते. सुलताना आपण होऊन त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"कुठं जातीया?" आजोबांनी विचारलं.

"काठावर," मी म्हणालो.

"मला वाघेऱ्याला जायचंय. नाय जमायचं," असं म्हणून त्यांनी पुढच्या वाहनाची वाट पाहायला सुरुवात केली.

"अहो, हिला झालंय तरी का..." असं सुनंदा म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. "रशीदभाई, थांबवायला काय म्हणायचं सांगितलंत?"

"होऽ."

"आणि मी यांना काय म्हणते?"

रशीदभाईंनी आकाशाकडे पाहिलं. मंदारने गॉगल काढला. बाईने नवऱ्याला हाक मारावी आणि घोडी थांबावी, हा प्रकार त्याच्या प्रशिक्षणात आला नव्हता.

उपाय सोपा वाटला. सुनंदाने 'अहो' टाळायचं. तिने आईच्या काळची हाक काढली. "ऐकलंत का?"

"हो," मी म्हणालो. घोडी थांबली.

मराठी माणसाला होकाराशिवाय संसार करता येत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. पण पाठशाळा मदतीला आली. संस्कृतात 'हो'साठी 'बाढम्' आहे.

"ऐकलंत का, पाय रिकिबीत आहेत ना?"

"बाढम्."

"काय वाढू?"

"वाढू नको. बाढम् म्हणजे, ते जे मला म्हणता येत नाही ते."

असे आम्ही बरंच अंतर गेलो. एका गुराख्याने दुसऱ्याला विचारलं, "ह्यो म्हातारा काय बोलतोय रं?" दुसरा म्हणाला, "मंतर हाय. घोडी चालती त्याच्यावं."

ओढ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मुंबईचं जोडपं पलीकडे उतरून आमची वाट पाहत होतं. पाणी गुडघ्याइतकंच, पण दगड निसरडे. सुलताना उतरली, एका बाजूला कलली, मीही कललो.

"अहो, पडाल," सुनंदा ओरडली. घोडी पाण्यात थांबली. रशीदभाईंनी "चल" म्हटलं, ती निघाली, मी दुसऱ्या बाजूला कललो. "अहो, धरा." थांबली. सुनंदाने ओठ आवळून धरले, पण तिसऱ्यांदा मी कललो तेव्हा ओठांतून "अहो" निसटलंच.

मंदारने घड्याळ पाहिलं. "काकू, सॉरी. इथून मागे फिरू या. काठ पुन्हा कधीतरी."

सुनंदा पलीकडे पाहत होती. ओढ्याच्या चढानंतर लगेच तो पट्टा दिसत होता, सपाट, हिरवा, पाण्याच्या कडेने लांबपर्यंत गेलेला. तिचा चेहरा मला देवळ्याच्या चाळीपाशी उभ्या असलेल्या मुलीसारखा वाटला. ती मुलगी मी कधी पाहिलेली नाही, तरी वाटला.

"तू गप्प बस ना थोडा वेळ," मी म्हणालो.

"तुम्ही पडताना मी गप्प बसू?"



पलीकडून ती मुंबईची मुलगी म्हणाली, "काकू, नावाने हाक मारा ना काकांना. सिंपल आहे."

सुनंदा लाल झाली. रशीदभाईंनी सभ्यपणे तोंड फिरवलं. "असं कसं एकदम घेऊ नाव," ती पुटपुटली. मग मंदारकडे पाहून म्हणाली, "उखाण्यात घेते. चालेल?"

"काहीही चालेल काकू, पण लवकर."

भर ओढ्यात, घोडीवर, डोक्यावर टोप घालून तिने खाकरून घसा साफ केला.

"काश्यपीच्या काठाला सोनकीची नक्षी,
 त्र्यंबकरावांचं नाव घेते..."

सुलतानाचे कान ताठ झाले.

तिने एक श्वास घेतला, माझ्या अंदाजाने तरुणपणातला उरलेला. आणि निघाली. ओढा, चढ, झुडपं, मुंबईचं जोडपं, सगळं बाजूला झालं. काठावर आम्ही आलो तेव्हा तिचे चारी पाय एकदम जमिनीवर असल्याचं मला तरी जाणवलं नाही. मागून टापा वाजल्या. बिजली आईमागे सुटली होती.

"त्र्यंबक," मागून सुनंदाचा आवाज आला, राव वगैरे न लावता. सुलताना आणखी जोरात. "त्र्यंबक. त्र्यंबक." आणखी. मी खोगिराची पुढची मूठ मिठी मारून धरली होती आणि थांबवण्याचा शब्द आठवत होतो. सकाळपासून जो टाळत होतो तो नेमका जिभेवर येईना. "बाढम्," मी ओरडलो, "बाढम्, बाढम्." घोडीचं संस्कृत कच्चं होतं.

मग सुनंदा माझ्या बरोबरीला आली. लगाम नीट धरलेला, पाठ सरळ, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंड इतकं उघडं की हसते आहे की ओरडते आहे ते कळेना. ती पुढे गेली. पट्टा संपत आला, समोर पाणी दिसायला लागलं, तेव्हा तिने मान वळवली आणि अगदी घरातल्यासारखं म्हणाली, "अहो."

सुलताना थांबली. बिजली थांबली. मी नेहमीप्रमाणे मानेवर जाऊन आदळलो.

रशीदभाई धापा टाकत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "साहेब, तुमचं नाव त्र्यंबक हाय? आधी सांगायचं नाही का? साडूचा टांगा त्र्यंबकच्या फाट्यावर लागायचा. सवारी भरली की तो आवाज द्यायचा, 'त्र्यंबक, त्र्यंबक', की ही सुटायची. मला वाटलं, इसरली असंल."

"तुम्ही विचारलंच नाही," मी म्हणालो.

"बाई तुम्हाला अहोच म्हणत होत्या."

जेवण काठावरच झालं. नागलीची भाकरी, उडदाची दाट आमटी, ठेचा. आमटी दोनदा घ्यावी. मी उभ्याने जेवलो. कारण घोड्यावर बसलेल्यांना कळेल, इतरांना सांगून उपयोग नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जाड पँट घालावी, मिसळ मोजून खावी आणि आपलं नाव घोडीच्या मालकाला आधी सांगावं.

घरी आल्यावर दोन दिवस मी पालथा झोपून होतो. सुनंदा एरंडेल गरम करून आणायची आणि बोलता बोलता हसायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "पुढची ओळ काय होती उखाण्याची?"

"कुठली पुढची? नक्षीला यमक सुचतच नव्हतं. बरं झालं, घोडी सुटली."

"आणि मग काठावर नाव घेऊन ओरडत होतीस, ते घाबरून ना?"

तिने वाटी खाली ठेवली. "पहिल्यांदा घाबरून," ती म्हणाली.

परवा आम्ही दोघं सीबीएसवर कळवणच्या गाडीची वाट पाहत होतो, देवळ्याला तिच्या भावाकडे निघालो होतो. तिला भावांना काहीतरी सांगायचं होतं. समोर एक जीपवाला नेहमीच्या सुरात ओरडायला लागला, "त्र्यंबक, त्र्यंबक, त्र्यंबक." तिने माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा पाय, मी न सांगता, पुढे पडला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली.

मी थांबलो.