मेणकापडाला मी पाडलेली चीर

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींनाही नाही. आजवर तोंडातून निघालंच नाही. तुम्हाला सांगते — आताच का, ते मलाही ठाऊक नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट, आमच्या घनसावंगीकडची. पाऊस कमी झालेला, कडबा मिळेना. धाकटी जाऊ कमल म्हणाली, उसाचं वाढं, वरचे हिरवे शेंडे, बारीक तोडू, बाभळीच्या शेंगा कुटून त्यात मिसळू, गुळाचं पाणी शिंपडून खड्ड्यात दाबू. हवा लागली नाही तर मुरघास होतो, ढोरं उन्हाळा काढतात. सासऱ्यांनी लगेच ऐकलं. मी तिच्या आधीपासून त्या घरात राबत होते — मला कुणी कधी काही विचारलं होतं का?

सगळ्यांनी थरावर थर तुडवला. वर मेणकापड, त्यावर माती. सासूबाईंनी खड्ड्याला लोणच्याच्या बरणीचा नियम लावला — पाळीत बाजूला बसलेल्या बाईनं तिकडं फिरकायचं नाही.

एका दुपारी सगळे ऊस तोडायला गेले होते. मी माती उकरली, विळ्यानं मेणकापड फाडलं, मूठभर काढून हुंगलं. ताकासारखा आंबट वास. चांगला मुरत होता. तो चांगला होता म्हणूनच — कळतंय ना? — मी ती चीर तशीच ठेवली. वर नुसती माती ओढली. सडावा असं मला वाटत होतं का? होय.

उन्हाळ्यात उघडला तर वर सगळी काळी बुरशी. सासऱ्यांनी खालचा बरा बघून घातला, तरी बैल मेला. पाय झाडत, तोंडाला फेस येऊन.

"कोन शिवलं खड्ड्याला?" कमलचा नवरा, माझा दीर, ओरडला. "आं? कोन शिवलं?"

कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "कमल गेल्ती. बाजूला बसल्ती तवा. म्या पाह्यलं."

"न्हाई वो अक्का! देवाशपथ न्हाई!"

दिरानं बैलाचं दावं उचललं आणि तिला झोडपायला लागला. पाठ, मान, तोंड — जिथं लागेल तिथं. ती धावत माझ्या मागं लपायला आली. आणि मी काय केलं? तिचे दंड धरून तिला त्याच्याकडं वळवलं. दाव्याची गाठ डोळ्यावर बसली. रक्त माझ्या पदरावर उडालं.

डोळा मीच धुतला. ती हळूच म्हणाली, "अक्का, तुमाला दुसरंच कुनी दिसलं आसंल. तेवढंच सांगा की त्यायला."

मी म्हणाले, "न्हाई. तूच व्हतीस."

तो डोळा गेला. मारलं दिरानं. घेतला मी.