गोठ्यामागचा धोंडा

"दगड पेरावा लागत नाही," असं ऑर्विल पेल्की येताजाता म्हणायचा. व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात हिवाळाभर जमीन गोठून फुगते आणि बर्फ वितळला की नवे धोंडे वर ढकलते. त्याच्या आजाने ते हातांनी वेचून बांध रचले, बापाने रचले. ऑर्विलची पाठ कामातून गेली तेव्हा त्याने छोटा ट्रॅक्टर घेतला. यंत्र घोड्याएवढंच, पण मागे तोलाला सिमेंट भरलेलं पिंप लटकवलं की पुढच्या बकेटने वासराएवढा धोंडा उचलायचं.

त्या शरदात त्याला एकच धोंडा हलवायचा होता. त्याची लेक डार्लीन खाली गावात, भाड्याच्या जागेवर, चाकांवरच्या घरात राहायची. मालकाने जागा विकली. बर्फाआधी घर हलवायचं, नाहीतर ते विकून ओहायोला आत्याकडे जायचं. पेल्कीची सगळी जमीन उताराची, नाहीतर दलदलीची. ट्रक पोचेल अशी सपाटी फक्त गोठ्यामागे. तिथेही पाण्याचा नळ छातीइतका खोल पुरावा लागतो, नाहीतर थंडीत फुटतो. आणि नेमकी तिथेच गवतातून त्या धोंड्याची करडी पाठ वर आलेली.

"निघून येईल हा," तो मला म्हणाला.

मी शेजारी, रोज चक्कर मारायचो. तो एका अंगाने खणायचा, धोंडा मातीखाली आणखी पुढे पसरलेला निघायचा. दुसऱ्या अंगाने खणायचा, तिकडेही तोच. साखळी लावून ओढायला गेला तेव्हा ट्रॅक्टरचं तोंड हवेत उठलं. ते खाली आपटलं, तरी बराच वेळ तो सीटवरून उतरला नाही. घरून आणलेला पाव डब्यात तसाच वाळत होता.

आमच्याकडे खणण्याआधी धोंड्यावर पहार मारतात. सुटा दगड धप्प करतो. डोंगराचंच हाड, म्हणजे खालचा न हलणारा अखंड खडक असेल, तर बारीक, लांब वाजतं. हा आवाज ओळखायला आसपासची गावं ऑर्विललाच बोलवायची. या धोंड्याला मात्र त्याने पहार लावली नव्हती. मी विचारलंच.

"लग्नाआधी बायकोला विचारलं होतंस, घोरतेस का म्हणून?" तो म्हणाला. "काही गोष्टी आधी विचारू नयेत." हसला मात्र नाही.

रविवारी डार्लीन आली. झाडं उघडी पडली होती, हवेला बर्फाचा वास होता. तो खड्ड्यात गुडघ्यांवर बसून धोंड्याखाली हाताने उकरत होता, वर ट्रॅक्टर नुसता धडधडत होता. तिने भिंतीला टेकलेली पहार उचलली.

"डार्ली, ठेव ती."

"बाबा, ट्रकवाल्याला उद्या सांगायचंय मला."

तिने पहार मारली. बारीक, लांब नाद खडकातून निघाला आणि माझ्या बुटांत शिरला. तिने पलीकडे, खाली, पुन्हा मारली. तोच नाद. मग तिने पहार अलगद गवतावर ठेवली, शेजारी कुणी निजलं असावं तशी.

"त्या कोपऱ्यात अजून खणलं नाहीये," ऑर्विल म्हणाला.

"बाबा, आत्याने खोली रिकामी केलीये."

तो वर आला. ट्रॅक्टर बंद केला. चिखलाचे हात पँटला पुसले, तिच्या खांद्याकडे एक हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग घराकडे न जाता ओढ्याच्या बाजूने उतरू लागला, डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं उघडी. खड्ड्याच्या काठावरून डार्लीन पाहत होती, तिच्या मागून मी. देवदारांनी त्याला झाकेपर्यंत आम्ही दोघांनीही हाक मारली नाही.