वाटून घेतलेलं प्रवाळ

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात थापा फार थोड्या मारल्या. सर्वांत मोठी मारली ती एका प्रवाळावरून, आणि तीही सोडून गेलेल्या बायकोला.

कामाला चोख माणूस. दंतवैद्यांकडून साचे यायचे. प्लास्टर ओतून, मेण चढवून, दात बसवून हा पाठवून द्यायचा, आणि परक्याच्या तोंडात त्याची कवळी पहिल्याच दिवशी बसायची. स्वतःच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे मात्र जिवावर यायचं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आली की काहीतरी विचारायची आणि याचं उत्तर ठरलेलं असायचं, "बघू." मूल हवंय का, बघू. घर बदलायचं का, बघू. बघितलं त्याने फक्त टाकीत.

खाऱ्या पाण्याची ती काचेची टाकी दोघांनी हौसेने मांडली होती. नवशिक्यांना झेपेल असं प्रवाळ दुकानदाराने दिलं: दगडी देठ आणि टोकांना हिरवट, मऊ तोंडं. "पाणी आटलं की साधं शुद्ध पाणी घाला, खारं नको, मीठ आतच राहिलेलं असतं," त्याने बजावलं. "सारखं हलवू नका. आणि वाढलं की एक तुकडा दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. तुमचं मेलं तर तिकडून आणता येईल."

संध्याकाळी पाण्याचा पंप बंद करून ती एकेका तोंडाला कोळंबीचा कण भरवायची. तोंड हळूच मिटलं की म्हणायची, "खाल्लं बघ." त्यांच्या संसारातली सुखाची वेळ ती तेवढीच.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा भांडणसुद्धा झालं नाही. हा मूग गिळून बसला होता. भांडी वाटली, चादरी वाटल्या. प्रवाळ त्याने कवळ्या घासायच्या यंत्राला चकती लावून मधोमध कापलं; तिच्या वाट्यासाठी दुसरी टाकी आणली. "एकाचं मेलं तर दुसऱ्याने द्यायचं," ती म्हणाली. तेवढाच धागा राहिला.

त्याच्या वाट्याचं प्रवाळ असं फोफावलं की टाकीत मावेना, आणि हीच पंचाईत झाली. ते मरत नव्हतं, म्हणून तिच्या दारात जायला निमित्त नव्हतं. एकदा त्याने पाणी गरम ठेवणाऱ्या कांडीची पिन काढली. चहा होईपर्यंतही त्याला राहवलं नाही, परत लावली. मुक्या जिवाला मारणं जमेना, तेव्हा खोटं बोलणं जमेल असं वाटलं. त्याने फोन लावला.

"गेलं," म्हणाला.

ती म्हणाली, "ये घेऊन जायला."

दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरणी घेऊन तो निघाला. चूक माझी होती, परत ये, एवढंच बोलायचं होतं. वाटभर तो तेच घोकत होता.

तिने दार उघडलं. "कशाने गेलं?"

"कळलं नाही. तोंडं मिटत गेली."

ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. घटस्फोटाच्या कागदावर खट्कन सही करणारी ती, ओंजळीत तोंड लपवून रडत होती. "मला वाटायचं, तुझ्याकडचं तरी राहील."

"तुझं आहे ना?"

"आहे. पण मी लग्न करतेय. तो परदेशात असतो, टाकी नेता येणार नाही. तू सगळंच ने. तुला सांगणारच होते."

माझ्याकडचं जिवंत आहे, तुला भेटायला खोटं बोललो, एवढं म्हटलं असतं तरी तिचं रडणं थांबलं असतं. तो बरणीचं झाकण फिरवत उभा राहिला.

बरणीत ते मावणार नव्हतं. तिने बादलीत टाकीतलं पाणी भरून घेतलं, बाह्या सरसावून प्रवाळ अलगद उचललं आणि त्याच पाण्यात ठेवलं. सगळी तोंडं आत ओढली गेली होती.

"हेही गेलं तर मला कळवू नकोस," ती म्हणाली. "परत ऐकवणार नाही मला."

"बरं," तो म्हणाला, आणि पाणी सांडू नये म्हणून बादली दोन्ही हातांनी धरून जिना उतरला.