टाकावरचे डोळे

संग्रहालयात काचेखाली दोन चांदीची नाणी शेजारी ठेवली होती. एक ग्रीकांचं, त्यावर देवाचा रेखीव चेहरा. दुसरं दूरच्या केल्ट टोळ्यांनी त्याची नक्कल करून पाडलेलं. त्यांच्या कारागिरांना तो देव ठाऊकच नव्हता. नकलेवरून नक्कल होत गेली आणि चेहऱ्याच्या जागी रेघा, ठिपके आणि एक टपोरा डोळा तेवढा उरला.

मला आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक आठवला. धाकटा भाऊ वेगळा झाला, तेव्हा त्याच्यासाठी तसाच दुसरा करून घ्यायला मी आणि आई सोनाराकडे गेलो होतो. पिढ्यान्‌पिढ्या घासून-पुसून पत्र्यावरचा देव पार गुळगुळीत झालेला. सोनारानं तो उजेडात धरला.

"घोडा कळतोय. देवाचं तोंड कसं होतं?"

मी आईकडे पाहिलं.

"मला काय विचारता? मी लग्न होऊन आले तेव्हाही असाच होता." मग म्हणाली, "डोळे तेवढे काढा हो. आम्हाला तो नाही दिसला तरी चालेल, त्याला आम्ही दिसायला हवं."

त्या केल्ट कारागिरालाही कुणी असंच विनवलं असेल का?

सोनारानं दोन ठिपके ठोकले. ते किंचित तिरके बसले. भावाच्या घरी हात जोडून उभं राहिलं, की देव माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत असतो. आईची नजर आता अधू झाली आहे. शेजारी उभी राहून ती हळूच विचारते, "बघतोय ना रे आपल्याकडे?"

मी हो म्हणतो.