दिव्यांच्या बोल्टांखालचं तेल

राजापुराहून निरोप आला तेव्हा दिवेलागण होत आली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं दुखणं वाढलं होतं आणि ती वडिलांना बोलावत होती. मी तेव्हा रत्नागिरीत भाड्याची मोटार चालवत असे. पेट्रोल, पाणी, हवा, जादा टायर सगळं तयार असे. वडील पुढे बसले. मी दिवे लावले, तर पुढचे दोन्ही विझत्या निखाऱ्यासारखे लालसर.

मी क्रमाने पाहत गेलो. बल्ब काढून थेट बॅटरीला लावले, लख्ख पेटले. तार शाबूत होती. वडील खाली उतरले.

"मी मडगार्डावर बसतंय कंदील घेऊन. तू चल."

"आबा, घाटातल्या वळणांना कंदील कुठे पुरणार?"

"काळोखातनं गलबत नेलंय रे मी."

"तिथे दरी नव्हती."

ते पुन्हा आत जाऊन बसले.

मोटारीत वीज तारेने दिव्याकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येते. मी तारेचा एक तुकडा घेऊन दिव्याचा पत्रा आणि खालचा सांगाडा जोडून पाहिला. दिवा भक्कन उजळला. म्हणजे दिवा आणि सांगाडा यांच्यामध्येच काहीतरी आडवं आलं होतं. बोल्ट सोडले. खाली लाखेसारखा काळा, कडक थर.

काजूच्या टरफलांचं तेल होतं ते. वडील जन्मभर गलबतावर तांडेल. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून होडीला चोपडतात, तसं त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीचं लोखंड न् लोखंड बोल्ट सोडवून माखलं होतं. मला रात्रीचं भाडं तेव्हापासून लागलं नव्हतं, म्हणून दिवे लावलेच नव्हते.

कानशीने घासून बोल्ट आवळेपर्यंत पुरता अंधार झाला. वाटेत वडील एवढंच बोलले, "ताप आला की माझ्याच मांडीवर निजायची."

पोचलो तर ओटीवर माणसं गोळा झालेली. तिची सासू पुढे आली. "आत्ताच गेली हो. आबा आले काय, असं सारखं विचारी."

परतताना वडिलांनी विचारलं, "दिव्यांना काय झालेलं?"

"उंदराने तार कुरतडली होती."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते शेजारच्या आळीतून मांजराचं पिल्लू घेऊन आले. गाडीच्या शेडमध्ये गोणपाट अंथरून त्यांनी त्याला वाटीभर दूध ठेवलं. मी दारातच उभा होतो.

"ह्याला कुठे जाऊ देऊ नको," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं.