अर्जुनरावांच्या मळ्यातला टॉवर

बोरटाकळीच्या अर्जुनरावांना दोन गोष्टींची भारी घमेंड: मिशीची आणि शब्दाची. सहा वर्षांपूर्वी घराच्या वास्तुशांतीला मेहुण्याने, उमापूरच्या अंगदने, पूर्ण आहेराऐवजी नुसती टॉवेल-टोपी आणली. अर्जुनराव भरल्या मांडवात बायकोवर गरजले, "आजपासून उमापूरचं नाव या घरात न्हाई!" सुंदरबाईचं माहेर तिथंच तुटलं. सहा पंचम्या, सहा दिवाळ्या गेल्या, तिकडे म्हातारी आई अंथरुणाला खिळली, पण अर्जुनरावांनी शब्द खाली पडू दिला नाही. तो टॉवेल मात्र रोज वापरला.

दोन हजार चार साली गावात मोबाईलचा टॉवर यायचा ठरला. इंजिनिअरला तो टेकाडावर हवा होता. पण टेकाड गायरानाचं, तिथं अर्जुनरावांचं नाव कसं लागणार? वरपर्यंत वशिला लावून त्यांनी तो टेकाडापलीकडच्या आपल्या खोलगट मळ्यात उभा करवला. मग घरी गाव जमवून नव्या फोनला हळदकुंकू वाहिलं आणि बटण दाबलं. ज्या टॉवरवरून फोन चाले, त्याच्या गावाचं नाव तेव्हा पडद्यावर येई.

आलं. उमापूर.

"असं का रं?" ते इंजिनिअरवर डाफरले.

"साहेब, टॉवर कुणाचा हे फोन बघत नाही. ज्याचा सिग्नल चांगला, त्याला धरतो. तुमच्या टॉवरला टेकाड आडवं येतं. उमापूरचा उंचावर आहे, थेट तुमच्या घरात येतो."

अर्जुनरावांनी फोन बंद करून चालू केला. माजघरात नेला, उमापूर. देवघरात, उमापूर. मोरीतसुद्धा उमापूरच. शेवटी फर्मान सुटलं की फोन घरात वापरायचा नाही. आठ दिवस मिशीवाले अर्जुनराव एकेका फोनसाठी धापा टाकत टेकाड ओलांडत होते.

नवव्या दिवशी सुंदरबाई पिशवी घेऊन दारात उभी.

"कुठं निघालीस?"

"उमापूरला. आईला बघाया."

"अन् माझा शबुद?"

"तुमच्या शबदापायी सहा वर्सं माय बघितली न्हाई म्या. तुमचा फोन उमापूर धराया घडीभर बी थांबला न्हाई. त्याला छातीशी धरून हिंडता, अन् मलाच अडवता व्हय?"

ती चालू लागली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. अर्जुनरावांनी घाईघाईने मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "जा, जा! मीच धाडतोय म्हणून सांग!"

सुंदरबाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.